संध्याकाळी जुळते, सकाळी बिघडते: प्रोग्रामेबल फोटॉनिक चिपमधील फेज सरकण्याच्या तक्रारीचा माग

प्रोग्रामेबल फोटॉनिक चिप म्हणजे प्रकाशाची वाटणी हवी तशी बदलता येणारी चिप. तिच्याबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच स्वरूपात समोर येते. संध्याकाळी चिपवरील प्रत्येक माख-झेंडर इंटरफेरोमीटरचा (प्रकाश दोन भुजांत विभागून पुन्हा एकत्र आणणाऱ्या एककाचा) हीटर, म्हणजे प्रकाशाची फेज (लाटेची आवर्तनातील जागा) उष्णतेने बदलणारा घटक, एकेक करून फिरवून पाहिलेला असतो, वक्र देखणे आलेले असतात आणि उजेड-अंधाराचे गुणोत्तर २५ डेसिबेलच्या वर गेलेले असते. सकाळी प्रत्यक्ष प्रयोगासाठी हवे ते युनिटरी मॅट्रिक्स (प्रकाश कुठून कुठे किती जावा हे सांगणारा आकड्यांचा तक्ता) या एककांच्या जाळीवर चढवले, की बाहेर येणारी प्रकाशाची वाटणी गणिताशी जुळत नाही, आणि तासा-दोन तासांत दोन फोटॉनांच्या व्यतिकरणाची दृश्यताही (ते किती ठळक दिसते त्याचे माप) उतरू लागते. मग पुन्हा कॅलिब्रेशन होते, काही काळ सारे सुरळीत चालते आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार घडतो.

पुन्हा कॅलिब्रेशन करणे हा या दुखण्यावरचा इलाज नाही; त्याने दुखणे फक्त एका दिवसाने पुढे जाते. एखादी गोष्ट रोज त्याच रीतीने बिघडत असेल, तर बहुधा कॅलिब्रेशनची पद्धतच अशी असते की चिप ज्या अवस्थेत मोजली जाते त्या अवस्थेत ती पुढे कधी वापरलीच जात नाही. म्हणून हीटरच्या वक्रांकडे वळण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे: चूक वेळेनुसार वाढते आहे, की मांडणीनुसार बदलते आहे? वरवर पाहता या दोन्ही चुका सारख्याच दिसतात, मात्र त्यांची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात.

पुढील सर्व आकडे १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर चालणाऱ्या, उष्णतेने फेज बदलणाऱ्या सिलिकॉन जाळीसाठी आहेत. सिलिकॉन नायट्राइडची जाळी असेल तर विचाराचा क्रम तोच राहतो, फक्त संख्या बदलतात.

पहिली कसोटी: जाऊन परत येणे

एक ठरलेली संदर्भ मांडणी निवडावी. तिला ‘अ’ म्हणू. तिच्यात प्रत्येक हीटरला ठरावीक शक्ती दिलेली असावी आणि शक्य तितकी एकके पन्नास-पन्नास वाटणीच्या आसपास असावीत, कारण त्या बिंदूवर वक्राचा उतार सर्वाधिक असतो आणि ०.०१ रेडियनचा फरकही अर्ध्या टक्क्याचा बदल म्हणून दिसतो. अंधाऱ्या किंवा पूर्ण उजळ बिंदूवर मांडणी ठेवून स्थैर्य तपासणे ही फार वेळा होणारी चूक आहे; तिथे उतार शून्य असल्यामुळे फेज बरीच सरकली तरी मापकावर काहीच हलत नाही आणि चिप स्थिर असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

‘अ’ मांडणीवर साध्या लेझरने सर्व निर्गमांवरील (प्रकाश बाहेर पडण्याच्या वाटांवरील) शक्ती मोजून ठेवावी. मग ‘ब’ नावाची पूर्णपणे वेगळी, शक्यतो एकूण शक्तीच्या दृष्टीनेही वेगळी असलेली मांडणी चढवून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा ‘अ’ वर यावे. परत आल्यानंतर एक दशांश सेकंद, एक सेकंद, दहा सेकंद, शंभर सेकंद आणि साधारण पाऊण तास अशा वाढत्या अंतरांनी वाचन घ्यावे. ही फेरी तीन-चार वेळा केली, की बहुतेक प्रकरणांचा निकाल इथेच लागतो.

‘अ’ प्रत्येक वेळी तत्काळ आणि हुबेहूब परत येत असेल, पण ‘ब’ गणिताशी जुळत नसेल, तर काहीही सरकलेले नाही. आपले गणिती प्रतिरूपच अपुरे आहे आणि शेजारच्या हीटरांचा परिणाम त्यात धरलेला नाही. ‘अ’ परत येतो, पण हळूहळू आणि ‘ब’ची आठवण बाळगत येतो, असे दिसले तर चिपच्या बुडाची आणि आवेष्टनाची उष्णता संथपणे निचरते आहे. ‘ब’ला हात न लावताही ‘अ’ आपल्या आपण सरकत असेल, तर कारण बाहेर आहे: लेझर, फायबर, खोली किंवा विद्युत पुरवठा. आणि ‘अ’ अचानक उडी मारत असेल, तर एखादी सैल जोडणी, फायबरचा निसटू लागलेला गोंद किंवा जखमी झालेला हीटर शोधावा.

या मोजणीत एकूण शक्ती आणि तिची वाटणी या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात. एकूण शक्ती घटली आणि प्रमाण तसेच राहिले, तर प्रवेशाची जोडणी किंवा प्रवेशाचे ध्रुवीकरण बिघडले आहे आणि जाळी निर्दोष आहे. एकूण शक्ती तशीच राहून प्रमाण बदलले, तर फेज हलली आहे. एक अपवाद मात्र लक्षात असू द्यावा: निर्गमाकडील फायबरांची पट्टी किंचित तिरकी झाली, तर कडेच्या फायबरांतील प्रकाश आधी घटतो आणि मधल्यांतील जवळजवळ तसाच राहतो; ते प्रमाणातील बदलासारखे दिसते, पण त्याचा फेजशी काही संबंध नसतो. दोष कडेकडून मधल्याकडे पसरतो आहे का, हे पाहिले की तो ओळखू येतो.

शेजाऱ्याची उष्णता

माझ्या मते यातील बहुसंख्य तक्रारींचे मूळ इथे असते, म्हणून हा भाग सविस्तर मांडतो.

सिलिकॉनचा अपवर्तनांक प्रत्येक केल्विनमागे सुमारे ०.०००१८ ने बदलतो. शंभर मायक्रोमीटर लांबीच्या हीटरखालील वेव्हगाइडमध्ये (प्रकाश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटेत) पाय (π) इतका, म्हणजे अर्ध्या आवर्तनाचा फेज बदल घडवायचा असेल, तर ढोबळ हिशेबाने त्या वेव्हगाइडचे तापमान ४३ अंशांनी वाढवावे लागते. इतकी उष्णता काही दहा मायक्रोमीटर अंतरावर असलेल्या शेजाऱ्याला अजिबात लागणार नाही, ही अपेक्षाच अवास्तव आहे. नायट्राइडमध्ये हाच गुणांक ०.००००२५ च्या आसपास असतो. त्यामुळे खोलीच्या तापमानाचा त्रास कमी होतो, पण तेवढ्याच फेजसाठी लांब किंवा अधिक तापलेला हीटर लागतो, म्हणून शेजारधर्माचे प्रमाण फारसे सुधारत नाही.

चिपवर हीटरांची संख्या किती वेगाने वाढते, हेही पाहण्यासारखे आहे. १९९४ मध्ये रेक, झाइलिंगर, बर्नस्टाइन आणि बर्तानी यांनी कोणतेही युनिटरी रूपांतर बीमस्प्लिटर आणि फेज बदलकांच्या त्रिकोणी जाळीने घडवता येते हे दाखवले, आणि २०१६ मध्ये क्लेमेंट्स व सहकाऱ्यांनी तीच एकके आयताकृती रचनेत बसवून जाळीची खोली (प्रकाशाला एकापाठोपाठ ओलांडावे लागणारे थर) जवळपास निम्मी केली. दोन्ही रचनांत एककांची संख्या तेवढीच राहते. सहा मार्गांच्या जाळीत १५ माख-झेंडर आणि ३० फेज बदलक लागतात. २०१५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील गटाने सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेली सिलिकाची सार्वत्रिक चिप नेमकी याच आकाराची होती. वीस मार्गांसाठी ही संख्या १९० आणि ३८० वर जाते. प्रत्येक हीटरला सरासरी वीस मिलिवॅट लागतात असे धरले, तर वीस मार्गांची जाळी साडेसात वॅटहून अधिक उष्णता नखाएवढ्या चिपवर ओतते.

एकेक हीटर फिरवून केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये चिप जवळजवळ थंड असते. प्रयोगाच्या वेळी मात्र सगळे हीटर एकाच वेळी तापलेले असतात. या दोन चिपा कागदावर एकच असल्या तरी उष्णतेच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. त्यात भर अशी, की यादृच्छिक चुका परस्परांना काही अंशी खोडून काढतात, परंतु उष्णतेचे चिन्ह नेहमी एकच असते. प्रत्येक शेजारी तापमान वाढवतोच, कमी कधीच करत नाही. म्हणून एक-एक टक्क्याचे पुष्कळ वाटे एकत्र आले, की दुर्लक्ष करता येणार नाही एवढी फेज साचते.

सुदैवाने यातला मोठा भाग एकसारखा असतो. माख-झेंडरच्या दोन्ही भुजा समान लांबीच्या असतील आणि दोन्ही सारख्याच तापल्या, तर वाटणी बदलत नाही. बदल घडवतो तो दोन भुजांमधील तापमानाचा फरक. त्यामुळे दूरच्या हीटरापेक्षा लगतचा, आणि तोही एका भुजेच्या बाजूला असलेला हीटर, अधिक उपद्रवी ठरतो.

उपाय म्हणजे शक्ती आणि फेज यांचे संपूर्ण रेषीय नाते मोजणे: प्रत्येक एककाची फेज ही त्याची मूळची (हीटर बंद असतानाची) फेज आणि सर्व हीटरांच्या शक्तींना त्यांच्या त्यांच्या गुणांकांनी गुणून येणारी बेरीज, अशी मांडायची. उष्णतावहनाचे समीकरण शक्तीच्या बाबतीत रेषीय असल्यामुळे हे नाते चांगले टिकते, मात्र त्यासाठी शक्ती खरोखर मोजलेली हवी. व्होल्टेजचा वर्ग म्हणजे शक्ती नव्हे, कारण हीटर तापला की त्याचा रोध वाढतो. व्होल्टेज आणि विद्युतधारा दोन्ही वाचून त्यांचा गुणाकार घेतला, की वक्रातील ‘चमत्कारिक’ वाकडेपणा बहुतेक नाहीसा होतो.

गुणांक मोजताना निरीक्षणाखालच्या एककाचा हीटर पूर्ण आवर्तनभर फिरवावा, त्या वेळी एक शेजारी आधी शून्यावर, मग निम्म्या शक्तीवर आणि मग पूर्ण शक्तीवर ठेवावा, आणि वक्र किती सरकला ते पाहावे. केवळ एका बिंदूवरील शक्तीचा बदल वाचला तर फसगत होते, कारण शेजारी हलला की त्या एककापर्यंत पोहोचणारा प्रकाशही बदलू शकतो. संपूर्ण वक्राची फेज काढली, की प्रकाश कमी-जास्त झाल्याने निष्कर्ष बिघडत नाही.

३८० हीटरांसाठी असे १,४४,४०० गुणांक होतात आणि ते सगळे मोजण्यात अर्थ नाही. जवळच्या शेजाऱ्यांचे गुणांक प्रत्यक्ष मोजावेत, दूरच्यांसाठी अंतराप्रमाणे उतरणारे एक साधे फल जुळवावे. त्यानंतर शे-दोनशे यादृच्छिक मांडण्या चढवून, मिळालेल्या वाटण्यांवरून सर्व गुणांक एकदम थोडे-थोडे दुरुस्त करून घ्यावेत. ही शेवटची पायरी वेळखाऊ वाटते, पण चिप इथे प्रथमच तिच्या खऱ्या कामाच्या तापमानावर तपासली जाते, म्हणून ती टाळू नये.

आणखी एक बारकावा सहज निसटतो. हीटर फेज केवळ वाढवू शकतो, म्हणून नियंत्रक शून्य ते दोन पाय या पल्ल्यात फेज गुंडाळतो. इष्टतमीकरणाच्या ओघात एखादी फेज ६.२ रेडियनवरून पुढे सरकून ०.१ रेडियन झाली, तर गणिताच्या दृष्टीने ते छोटे पाऊल असते, पण त्या हीटरची जवळजवळ पूर्ण आवर्तनाची शक्ती एका क्षणात नाहीशी होते आणि आजूबाजूची सगळी एकके दचकतात. शोधप्रक्रिया ठरावीक ठिकाणीच भरकटत असेल, तर अल्गोरिदमला दोष देण्याआधी नोंदींमध्ये अशी उडी शोधावी. पल्ला थोडा अधिक ठेवून गुंडाळण्याला विलंब लावला तर हा त्रास कमी होतो. दोन्ही भुजांवर हीटर असतील, तर त्यांच्या शक्तींची बेरीज कायम ठेवून फरकाने फेज बदलणे हा आणखी चांगला मार्ग आहे. त्यात एकूण वीजखर्च वाढतो, पण प्रत्येक मांडणीत चिपवर तेवढीच उष्णता राहते.

उष्णतेचे सोंग घेणारी तार

शेजाऱ्याचा परिणाम दिसला म्हणजे तो उष्णतेचाच असतो असे नाही. पुष्कळ चिपांवर अनेक हीटरांची परतीची वाट एकच असते. समजा, प्रत्येक हीटरचा रोध १ किलोओहम आहे, त्यावर ५ व्होल्ट दिले जातात आणि सामायिक परतीच्या वाटेचा रोध अवघा १ ओहम आहे. तीस हीटर चालू झाले की त्या वाटेतून १५० मिलिअँपिअर विद्युतधारा वाहते आणि विद्युत जमिनीची (ग्राउंडची) पातळी ०.१५ व्होल्टने वर उचलली जाते. प्रत्येक हीटरला तेवढे कमी व्होल्टेज मिळते, म्हणजे शक्ती सुमारे सहा टक्क्यांनी घटते, आणि पाय इतकी फेज धरणाऱ्या एककात जवळपास ०.१९ रेडियनची तूट येते. ही मोठी चूक आहे.

ती ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत. उष्णता फेज वाढवते, तर सामायिक वाटेचा दोष प्रत्येक हीटरची स्वतःची फेज कमी करतो. उष्णता अंतराबरोबर उतरते. हा दोष चिपच्या दुसऱ्या टोकालाही तेवढाच जाणवतो. सर्वांत भरवशाची खूण काळाची: दूरच्या हीटरला एकदम पायरी देऊन वेगवान फोटोडायोडने पाहिले, तर विद्युत दोषाने सुरू होणारा बदल त्या एककाच्या हीटरच्या स्वतःच्या प्रतिसादाएवढ्याच, म्हणजे बहुधा दहा ते शंभर मायक्रोसेकंदांच्या पल्ल्यात पूर्ण होतो, दुरून येणाऱ्या उष्णतेला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. दोन्ही दोष एकत्र असतील, तर वक्र आधी झटकन खाली उतरतो आणि मग सावकाश वर चढतो. असा वक्र एकदा पाहिला की पुन्हा विसरला जात नाही.

विद्युतधारा स्थिर ठेवणारा चालक वापरला, की जमिनीच्या पातळीचा प्रश्न जवळजवळ संपतो. तो नसेल तर परतीच्या वाटेवर अधिक बाँड तारा लावाव्यात आणि व्होल्टेज हीटरच्या दोन टोकांवरच वाचावे. याच निमित्ताने रोज काम सुरू करताना प्रत्येक हीटरचा थंड अवस्थेतील रोध अगदी कमी व्होल्टेजवर मोजून नोंदवावा. एकाच हीटरचा रोध दिवसेंदिवस सरकत असेल, तर तो म्हातारा होतो आहे. स्थिर व्होल्टेजवर रोधातील एक टक्क्याचा बदल पाय फेजमागे ०.०३ रेडियनची चूक देतो. नवीन चिप असेल तर प्रथम काही तास कामाच्या कमाल शक्तीपेक्षा थोड्या जास्त शक्तीवर सर्व हीटर चालवून मगच कॅलिब्रेशन करावे.

थर्मिस्टर खरे बोलतो, पण स्वतःपुरते

तापमान-नियंत्रक शंभरांश अंशापर्यंत स्थिर दिसतो, मग चिप कशी तापेल, असा प्रश्न हमखास विचारला जातो. थर्मिस्टर, म्हणजे नियंत्रकासाठी तापमान मोजणारा रोध, चिपवर नसतो. तो तिच्या खालच्या पाटावर, बहुधा कोपऱ्यात, चिकटवलेला असतो. नियंत्रक त्या कोपऱ्याचे तापमान स्थिर ठेवतो. चिप आणि पाट यांच्यामध्ये गोंदाचा किंवा पेस्टचा थर असतो, आणि चिपवरील शक्ती बदलली की त्या थराच्या दोन बाजूंमधील तापमानाचा फरकही बदलतो. थर्मिस्टरला हे कळत नाही, आणि कळायची त्याला सोयही नसते.

चिपवर एखादे मायक्रोरिंग (ठरावीक तरंगलांबींनाच अनुनाद देणारे वेव्हगाइडचे कडे) असेल तर तोच उत्तम तापमापक आहे. सिलिकॉनच्या रिंगचा अनुनाद प्रत्येक अंशामागे सुमारे ७० पिकोमीटरने सरकतो, त्यामुळे काही शतांश अंशांचा बदलही सहज टिपता येतो. रिंग नसेल, तर वापरात नसलेल्या हीटरचा रोध हेच काम थोड्या जाडसरपणे करतो. अशा तापमापकाच्या वाचनाशी ‘अ’ मांडणीचे सरकणे जुळले, की निदान पक्के झाले.

कॅलिब्रेशनचे वक्र नेहमी शून्यापासून कमाल शक्तीकडे चढत्या क्रमाने घेतले जातात, ही सवयही घातक आहे. फिरवण्याच्या काळात चिप हळूहळू तापत राहते आणि ते तापणे वक्राच्या आकारातच मिसळून जाते. जुळवणी उत्तम दिसते, गुणांक मात्र चुकीचे येतात. तोच वक्र उतरत्या क्रमाने घेऊन पाहावा. दोन वक्र एकमेकांवर बसले नाहीत, तर बिंदूंचा क्रम यादृच्छिक करावा आणि दोन बिंदूंमध्ये चिपला थोडा निवांत वेळ द्यावा. मी स्वतः एकदा कितीतरी दिवस फायबरच्या गोंदावर संशय घेत बसलो होतो, आणि अखेर चढता व उतरता वक्र शेजारी ठेवले तेव्हा गोंद पूर्ण निर्दोष निघाला.

फायबर, ध्रुवीकरण आणि परावर्तन

ग्रेटिंग कपलर (फायबरमधला प्रकाश वरून चिपमध्ये उतरवणारी रेघांची पट्टी) सामान्यतः एकाच ध्रुवीकरणाला वाट देतो, म्हणून फायबरमधील ध्रुवीकरण फिरले की तिथे केवळ प्रकाश कमी होतो. कडेने जोडलेल्या चिपमध्ये हेच प्रकरण अधिक फसवे असते: नको असलेले ध्रुवीकरणही आत शिरते, त्याला माख-झेंडरमधील प्रकाश वाटणारे कपलर वेगळे वागवतात आणि हीटरही वेगळी फेज देतात, त्यामुळे अंधाऱ्या निर्गमाचा तळ वर येतो. वक्र जागेवरून न हलता केवळ तळ उचलला गेला असेल, तर ध्रुवीकरण-नियंत्रक हळूच फिरवून पाहावा. तळ त्याच्याबरोबर खाली-वर झाला तर दोष हीटरचा नाही.

तळ कशानेच खाली जात नसेल, तर कपलरच पन्नास-पन्नासचे नाहीत. दोन्ही कपलर ४८-५२ असे सारखेच चुकले असतील, तर एका बाजूचा निर्गम तरीही पूर्ण काळोखा करता येतो, दुसऱ्या बाजूचा मात्र सुमारे २८ डेसिबेलच्या खाली उतरत नाही. ही असमानता हीच त्याची ओळख आहे. असा दोष कॅलिब्रेशनने जात नाही. तो प्रतिरूपात मांडून त्याच्यासह फेज शोधाव्या लागतात.

परावर्तनाचा त्रास लेझरने मोजताना होतो आणि फोटॉनांनी मोजताना लपतो, म्हणून तो विशेष गोंधळात पाडतो. एक सेंटिमीटर लांब सिलिकॉन वेव्हगाइडच्या दोन्ही टोकांवर एक-एक टक्का परावर्तन असेल, तर प्रसारणात चार टक्क्यांपर्यंत लाटा उठतात आणि तरंगलांबीवर त्यांचे अंतर सुमारे २९ पिकोमीटर असते. लेझर काही पिकोमीटर सरकला किंवा चिप थोडी तापली, की त्या लाटेवरील आपली जागा बदलते. याउलट अर्धा-एक नॅनोमीटर रुंद फोटॉन अशा अनेक लाटांची सरासरी घेऊन जातो, त्यामुळे लेझरने काढलेले गुणांक त्याला लागू पडत नाहीत. मांडणी न हलवता लेझरची तरंगलांबी शंभर पिकोमीटर फिरवून पाहावी. नियमित लाटा दिसल्या, तर कॅलिब्रेशन अनेक तरंगलांबींवर घेऊन सरासरी काढावी किंवा रुंद वर्णपटाचा स्रोत वापरावा. त्याचा मध्य मात्र प्रयोगातील फोटॉनांच्या तरंगलांबीवरच असावा, कारण दिशात्मक कपलरांची वाटणी तरंगलांबीनुसार बदलते.

दृश्यता उतरली, पण जाळी बरोबर आहे

शेवटचा प्रकार सर्वांत जास्त वेळ खातो, कारण त्यात माणूस चुकीच्या जागी शोधत राहतो. लेझरने तपासलेले मॅट्रिक्स अचूक आहे, तरीही हाँग, ओउ आणि मँडेल यांनी १९८७ मध्ये दाखवलेली दोन फोटॉनांची दरी (एकसारखे फोटॉन एकाच वेळी पोहोचले की दोन निर्गमांवर एकाच वेळी फोटॉन सापडण्यात होणारी घट) उथळ होत चालली आहे. इथे एक छोटा हिशेब पुष्कळ श्रम वाचवतो. ५०-५० ऐवजी ४८-५२ वाटणी असेल तर दृश्यतेची कमाल मर्यादा ९९.७ टक्के राहते. म्हणजे तोटा अवघा तीन दशांश टक्के. दृश्यता ९५ वरून ८५ वर आणायची झाली, तर वाटणी सुमारे ३८-६२ पर्यंत ढळायला हवी, आणि एवढा बिघाड साध्या लेझरने क्षणात दिसतो. तो दिसत नसेल, तर जाळीला सोडून द्यावे.

प्रथम पंपाची (फोटॉनांच्या जोड्या निर्माण करणाऱ्या लेझरची) शक्ती निम्मी करावी. दृश्यता लगेच सुधारली, तर एकाच स्पंदात दोन-दोन जोड्या जन्माला येत होत्या. ती सुधारली नाही, तर दोन फोटॉन एकमेकांपासून ओळखू येण्याजोगे झाले आहेत का ते पाहावे: विलंब पुन्हा फिरवून दरीचा तळ सरकला आहे का तपासावे, आणि मग स्रोतांच्या वर्णपटाकडे वळावे.

फोटॉनांचे स्रोत त्याच चिपवरील रिंग असतील, तर आधीचा सारा उष्णतेचा विषय इथे मागच्या दाराने परत येतो. पन्नास हजार गुणवत्ता गुणांक असलेल्या रिंगचा अनुनाद सुमारे ३१ पिकोमीटर रुंद असतो. जाळीच्या हीटरांनी दोन रिंगांमध्ये अर्ध्या अंशाचा फरक पाडला, तर त्यांचे अनुनाद एकमेकांपासून ३५ पिकोमीटरने, म्हणजे पूर्ण रुंदीहून अधिक, दुरावतात, आणि त्यांतून निघणारे फोटॉन एकसारखे राहत नाहीत. जाळीची वाटणी निर्दोष असूनही दृश्यता मांडणीनुसार बदलते, या कोड्याचे उत्तर बहुधा हेच असते. प्रत्येक मांडणीनंतर दोन्ही रिंगा पंपाच्या तरंगलांबीवर पुन्हा आणून बसवणारे छोटे नियंत्रण-चक्र लावले, की कोडे सुटते.

दोन निर्गमांवरील फोटॉनांच्या गणनेतील असमतोल राहिलाच, तर दोन डिटेक्टरांचे फायबर आपसात बदलून पाहावे. असमतोल डिटेक्टरबरोबर गेला तर तो त्यांच्या कार्यक्षमतेतील फरक आहे. अतिवाहक नॅनोतारेच्या डिटेक्टरांत हा फरक ध्रुवीकरणावरही अवलंबून असतो.

कॅलिब्रेशन कधी करावे आणि किती

वरील सर्व केल्यानंतरही थोडे सरकणे राहतेच, आणि त्यासाठी दररोज सगळे गुणांक नव्याने मोजण्याची गरज नसते. शेजाऱ्यांचे गुणांक चिपच्या भूमितीवर आणि थरांवर अवलंबून असतात. आवेष्टन उघडले नाही किंवा हीटर जळला नाही, तर ते महिनोन्महिने टिकण्यासारखे असतात. रोज हलते ती मूळची फेज. म्हणून प्रयोग चालू असताना ठरावीक अंतराने ‘अ’ मांडणीवर येऊन वाटणी मोजावी, ती ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तर केवळ मूळच्या फेजांचीच जुळवणी पुन्हा करावी, आणि हे करताना बाकीचे सर्व हीटर प्रयोगातील सरासरी शक्तीवर चालूच ठेवावेत. मूळच्या फेज दुरुस्त करूनही यादृच्छिक मांडण्यांवरची चूक कमी होत नसेल, तेव्हाच गुणांकांची पूर्ण मोजणी हाती घ्यावी, आणि त्याआधी त्या दिवशीचे थंड रोध जुन्या नोंदींशी ताडून पाहावेत.